न झालेल्या कुस्तीचा निकाल

हिवाळ्यात खानदेशातल्या असोद्याच्या शिवारात भरताच्या पंगती सुरू झाल्या, की कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जाईपर्यंत गप्पांना रंग चढतो. कापसाचा भाव, लग्नांच्या तारखा आणि त्यांच्या पाठोपाठ जत्रेतल्या कुस्त्या. मग कोणीतरी विचारतोच, "भाऊ, ते कोल्हापूरचे दादू चौगुले आन् आपला विजय चौधरी, दोघं ऐन भरात असते तं कोन जिकलं असतं?"

लगेच दोन तट पडतात. जुनी माणसे म्हणतात, आता तसा खुराक नाही आणि तशी मेहनतही नाही. तरुण म्हणतात, आताच्या पैलवानाच्या वेगापुढे जुना माणूस टिकणार नाही. दोन्ही बाजू जोरात बोलतात आणि वाद जिथे सुरू झाला तिथेच राहतो.

ही कुस्ती झाली नाही आणि होणारही नाही. तरी प्रश्न फालतू नाही. तो नीट सोडवायला घेतला, तर दोन काळांतल्या माणसांची तुलना कशी करावी हे त्यातून शिकता येते. एकेक पायरी चढू आणि शेवटी निकालही लावू.

१. जोड कोणाची?

महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. पहिला किताब दिनकर दह्यारी यांनी घेतला. पुढच्या पन्नास वर्षांत काही मल्लांनी हा मान दोनदा मिळवला. गणपत खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार आणि चंद्रहार पाटील ही त्यांतली नावे. सलग तीनदा कोणाला जमले नव्हते. ते आधी नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ मध्ये केले आणि लगेच पुढच्या तीन वर्षांत, २०१४ ते २०१६, विजय चौधरी यांनी केले.

दादू चौगुले राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत, हिंद केसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली ते घडले. १९७० आणि १९७१ चे महाराष्ट्र केसरी, १९७३ चे रुस्तम-ए-हिंद. १९७४ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सर्वांत वरच्या, म्हणजे १०० किलोपुढच्या गटात रौप्यपदक जिंकले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते गेले.

विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे. नगर, नागपूर आणि पुण्याजवळचे वारजे या तीन मैदानांवर त्यांनी महाराष्ट्र केसरीच्या तीन गदा घेतल्या. तिसऱ्या वेळी अंतिम फेरीत त्यांच्यासमोर अभिजित कटके होते, जे पुढच्याच वर्षी स्वतः महाराष्ट्र केसरी झाले. चौधरी नंतर पोलीस उपअधीक्षक झाले आणि २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस व अग्निशमन स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

दोघांच्या पहिल्या किताबांत ४४ वर्षांचे अंतर आहे.

२. अमेरिकेने हा प्रश्न यंत्राला विचारला

असा प्रश्न फक्त आपल्याला पडतो असे नाही. १९६७ मध्ये मरे वोरोनर नावाच्या अमेरिकी निर्मात्याने रेडिओवर निरनिराळ्या काळांतल्या हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची काल्पनिक स्पर्धा लावली. जुन्या लढतींची माहिती आणि जाणकारांनी दिलेले गुण संगणकाला पुरवले आणि आलेले निकाल खऱ्या समालोचनासारखे ऐकवले. त्या स्पर्धेत मुहम्मद अली उपांत्यपूर्व फेरीतच जुन्या जिम जेफ्रीज यांच्याकडून हरले. अलींनी थेट कोर्टात दावा लावला.

तडजोड झाली आणि तिच्यातून एक चित्रपट निघाला. १९६९ मध्ये २७ वर्षांचे अली आणि ४५ वर्षांचे रॉकी मार्सियानो एका स्टुडिओतल्या रिंगणात उतरले. मार्सियानो १९५६ मध्येच निवृत्त झाले होते, ४९ लढती खेळून एकही न हरता. त्यांनी वजन उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. दोघांनी अनेक छोट्या फेऱ्या आणि वेगवेगळे शेवट चित्रित केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, मार्सियानो विमान अपघातात गेले. २० जानेवारी १९७० रोजी चित्रपट दाखवला गेला. अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकले. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकले.

तेच दोन योद्धे आणि तीच लढत, पण निकाल दोन. संगणक आकडेमोड बिनचूक करत असेल, पण कोणता गुण किती मोलाचा हे त्याला माणसानेच सांगितलेले असते. वेगाला जास्त मोल दिले की अली जिंकतात, ठोशाच्या ताकदीला दिले की मार्सियानो. म्हणून निकाल विचारण्याआधी अटी ठरवायच्या, हा पहिला धडा.

३. पहिली अट : ऐन भर म्हणजे कोणता काळ?

पैलवानाची ताकद, वेग आणि दम साधारण पंचविशी ते तिशीच्या आसपास एकत्र येतात. त्याआधी ताकद असते पण अनुभव कच्चा असतो. नंतर अनुभव असतो, पण दुखापतींतून शरीर लवकर सावरत नाही. "ऐन भरात" म्हणताना आपण प्रत्येकाच्या आयुष्यातली ही दोन-चार वर्षे उचलतो.

पण वयाची ही अट एकटी पुरत नाही, ते गामा पैलवानांच्या दोन कुस्त्यांत दिसते. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामा आणि पोलंडचे स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती गादीवर सुमारे अडीच तास चालली. झिबिस्को बराच वेळ पोटावर पडून राहिले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळ्याला हीच जोड पुन्हा लागली. गामांनी मिनिटाच्या आत झिबिस्कोंना आसमान दाखवले.

दोघेही पन्नाशीला टेकलेले होते, म्हणजे वय दोघांचेही सारखेच उतरले होते. पण या वेळी जागा आपली होती आणि कुस्ती आपल्या पद्धतीची होती. एवढ्यावर अडीच तासांचे एक मिनिट झाले. यातूनच दुसरी अट पुढे येते.

४. दुसरी अट : माती की गादी?

जत्रेतल्या हौद्याजवळ बसून पाहा. तांबडी माती चाळून तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू घातलेले असते. सलामी झाली की पैलवान मूठभर माती उचलून समोरच्याच्या दंडावर, मानेवर चोळतो, कारण घामाने निसरड्या झालेल्या अंगावर पकड बसत नाही. मग खडाखडी चालते. मानेवर हात, कपाळाला कपाळ आणि पायांनी अंदाज. पाय मातीत थोडे रुततात, त्यामुळे झेप मंदावते. जांग्याला हात घालता येतो, म्हणून जोरकस पकडीचे डाव चालतात. निकाल एकच, पाठ जमिनीला लागून चीतपट. गुणांची पाटी नसते. दम असेल तो थांबतो आणि समोरचा चुकेपर्यंत वाट पाहतो.

गादीवर दुसरेच जग आहे. आजच्या नियमांनी तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन मागे ताबा मिळवला की दोन गुण, त्याची पाठ गादीकडे वळवली की दोन, उचलून मोठा फेक डाव टाकला तर चार किंवा पाच, रिंगणाबाहेर ढकलले तर एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. अंगातल्या पोशाखाला धरायला बंदी आणि हात आखडता घेतला तर पंचांची ताकीद. इथे वाट पाहणारा हरतो.

महाराष्ट्र केसरीत आज माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हीकडचे विजेते शेवटी गादीवर भिडतात आणि चांदीची गदा ठरते.

मातीतला माणूस गादीवर रुळायला किती काळ लागतो, याचे उत्तम उदाहरण खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढ्या गुणी मल्लालाही मधली चार वर्षे लागली. तेव्हा १९७० च्या चौगुल्यांना उचलून थेट आजच्या गादीवर उभे करणे अन्यायाचे आहे आणि आजच्या चौधरींना बिनघड्याळाच्या हौद्यात उतरवणेही तसेच.

५. वेळ बदलली की अंदाजही बदलतो

इथे एक छोटा हिशेब करू. समजा, दोन मल्लांत पहिला थोडा सरस आहे. प्रत्येक झटापटीत तो १०० पैकी ६० वेळा वरचढ ठरतो.

एकाच झटापटीवर निकाल लावला तर त्याची जिंकण्याची शक्यता १०० पैकी ६०. तीन झटापटींत ज्याच्या दोन तो विजेता, असे ठरवले तर ती ६५ च्या आसपास जाते. पाचांत तीन असे ठरवले तर ६८. नवांत पाच असे ठरवले तर ७३.

माणूस तोच आणि त्याची ताकदही तीच. तरी मोजणी जितकी लांबते, तितका सरस मल्ल सुरक्षित होतो आणि जितकी आखूड, तितकी धक्कादायक निकालाला जागा राहते. सहा मिनिटांच्या कुस्तीत एका चुकीची भरपाई करायला वेळ कमी पडतो. लांबणाऱ्या कुस्तीत दमदार मल्लाला आपले बळ दाखवायला सवड मिळते. पण मातीत एका चुकीने पाठ लागली तर आधीचे सगळे वरचढपण वाया जाते. प्रत्येक नियम कोणाला तरी थोडे झुकते माप देतोच.

६. तिसरी अट : वजन आणि तयारी

मार्सियानो जगज्जेते होते तेव्हा त्यांचे वजन ८५ किलोच्या आसपास असे. आज व्यावसायिक मुष्टियुद्धात हेवीवेट गट २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९१ किलोंच्या पुढे सुरू होतो. त्याच वजनाने आज ते आले असते तर खालच्या गटात मोजले गेले असते. कुस्तीतही तसेच झाले आहे. १९७४ मध्ये वरच्या गटाला १०० किलोनंतर मर्यादा नव्हती. आज १२५ किलोंवर काटा थांबतो.

मात्र वजन हेच सर्वस्व नाही. नरसिंग यादव आंतरराष्ट्रीय मैदानावर ७४ किलो गटात खेळत. त्याच गटात त्यांनी २०१० ला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१५ ला जागतिक कांस्य मिळवले. तरी महाराष्ट्रातल्या भारी मल्लांत उतरून त्यांनी तीन गदा घेतल्या.

तयारीचा फरक मात्र मोठा आहे. जुन्या तालमीत पहाटे जोर-बैठका, मग लढती, वर दूध, तूप, बदामाची थंडाई. आजच्या मल्लाकडे त्यासोबत वजनांचा व्यायाम, फिजिओथेरपिस्ट, प्रतिस्पर्ध्याच्या कुस्त्यांचे व्हिडिओ आणि मोजून दिलेला आहार असतो. म्हणून ठरवायला हवे, की आपण १९७० चा माणूस जसाच्या तसा आणतो आहोत, की त्यालाही आजची तयारी देतो आहोत? माझ्या मते दुसरेच न्याय्य आहे. जी सोय त्या काळी अस्तित्वातच नव्हती, ती नसल्याचा दोष माणसाला कसा द्यायचा?

७. शिवाराचा हिशेब

काळाचा फरक वजा करून माणूस कसा मोजायचा, हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

समजा, आजोबांनी कोरडवाहू रानात एकरी ३ क्विंटल कापूस काढला आणि त्या वर्षी गावाची सरासरी २ होती. नातवाने ठिबकवर १० क्विंटल काढला, पण गावाची सरासरी आता ९ आहे. नुसते आकडे पाहिले तर नातू तिपटीने मोठा शेतकरी. पण ठिबक आणि बियाणे सगळ्या गावालाच मिळाले आहे. आजोबा आपल्या गावापेक्षा निम्म्याने पुढे होते, नातू जेमतेम नवव्या हिश्शाने. म्हणजे आजोबा थोर?

अजून एक गोष्ट पाहावी लागते. गावातल्या शेतकऱ्यांत आपसात फरक किती होता? आजोबांच्या काळी रान हलके-भारी, पाणी कुठे आहे कुठे नाही, म्हणून उत्पन्न सरासरीच्या साधारण एक क्विंटल इकडेतिकडे होई. आजोबा एक क्विंटल पुढे, म्हणजे नेहमीच्या फरकाच्या एक माप पुढे. नातवाच्या काळी सगळ्यांना सारख्या सोयी, त्यामुळे उत्पन्न अर्धा क्विंटलच इकडेतिकडे होते. नातूही एकच क्विंटल पुढे, पण ती झाली दोन मापे. आता नातू थोर ठरला.

संख्याशास्त्र नेमके हेच करते. कच्चा आकडा टाकून देते आणि माणूस आपल्या काळातल्या लोकांच्या किती मापे पुढे होता ते पाहते. तरुणांच्या म्हणण्यातला खरा भाग इथे सापडतो. सगळ्यांची तयारी सारखी होत जाते तशी शिखरावर गर्दी होते आणि तिथे थोडे पुढे राहणेही फार कठीण होते.

८. दोन गदा आणि तीन गदा

मग तीन गदा दोनांपेक्षा मोठ्याच, असे नाही का?

पुन्हा हिशेब करू. एखाद्या मल्लाची दर वर्षी गदा घेण्याची शक्यता निम्मी असेल, तर सलग दोन वर्षे घेण्याची शक्यता चारांत एक आणि सलग तीन वर्षे घेण्याची आठांत एक. शक्यता १०० पैकी ७० असेल तर सलग दोन गदांची ४९ आणि सलग तीनची ३४. सलग तीन गदा होण्याची शक्यता निम्म्यावर न्यायची, तर दर वर्षी जिंकण्याची शक्यता ८० च्या घरात लागते.

म्हणजे सलग तीनदा जिंकणारा बहुधा आपल्या काळातल्या मल्लांच्या बराच पुढे असतो. पण ७० वाला आणि ८० वाला यांत आकाशपाताळाचे अंतर नाही. एखादी दुखापत किंवा पंचांचा एक निर्णयही दोनाचे तीन किंवा तिनाचे दोन करू शकतो. म्हणून गदा मोजाव्यात, पण फक्त त्यांच्यावर थांबू नये.

९. अमक्याने तमक्याला हरवले, म्हणून?

वादात हमखास येणारा आणखी एक युक्तिवाद म्हणजे साखळीचा. अमक्याने तमक्याला पाडले, तमक्याने फलाण्याला, म्हणून अमका फलाण्याला पाडणारच.

मुष्टियुद्धाने ही साखळी डोळ्यांदेखत तोडली आहे. १९७१ मध्ये जो फ्रेझियर यांनी अलींना हरवले. १९७३ मध्ये जॉर्ज फोरमन यांनी फ्रेझियर यांना दुसऱ्याच फेरीत गारद केले. साखळी खरी असती तर फोरमन यांच्यापुढे अलींचा निभाव लागायला नको होता. १९७४ मध्ये किन्शासाला अलींनी फोरमन यांना आठव्या फेरीत खाली पाडले. दोरांना टेकून त्यांनी फोरमन यांचे ठोसे झेलले, त्यांना दमवले आणि मग घाव घातला.

कोणाचा खेळ कोणाला जड जातो, ही वेगळीच गोष्ट आहे. वस्ताद जोड लावताना मान, मांड्या आणि वजनाचा अंदाज घेतात, शिवाय कोणाचा डाव कोणाच्या पकडीत अडकेल हेही पाहतात.

१०. आता निकाल

अटी ठरल्या आहेत. आता मी तीन मैदाने लावतो.

पहिले मैदान १९७० चे. तांबडी माती, घड्याळ नाही, निकाली कुस्ती. इथे मी चौगुल्यांच्या बाजूने आहे. त्यांची सगळी घडण याच मातीची.

दुसरे मैदान २०१६ चे. गादी, सहा मिनिटे, आजचे गुण. इथे मी चौधरींना पसंती देतो. याच नियमांत, याच घड्याळाखाली त्यांनी सलग तीन वर्षे राज्यातल्या भारी मल्लांना मागे टाकले.

तिसरे मैदान खरे न्यायाचे. दोघेही ऐन भरातले, दोघांनाही खाशाबांसारखी चार वर्षे, दोघांनाही एकच तालीम, एकच आहार, एकच प्रशिक्षक. १२५ किलोंची मर्यादा आणि गादी. इथे मी खानदेशचा असूनही १०० पैकी ५५ वेळा चौगुल्यांचा हात वर करीन. मातीत घडलेल्या माणसाने आजच्या सोयी नसताना परदेशी गादीवर जाऊन, १०० किलोपुढच्या गटात देशासाठी रौप्यपदक आणले. नवे मैदान आत्मसात करण्याची कुवत त्यांनी सिद्ध केली आहे आणि या तिसऱ्या मैदानात तीच सर्वांत मोलाची. उरलेले ४५ चौधरींचे. ४५ म्हणजे जवळजवळ निम्म्या कुस्त्या आणि सायगावच्या पोराने एवढे अंतर गाठावे याचा मला मनापासून अभिमान आहे.

कोणाला माझे ५५ मान्य नसतील. त्यांनी कोणती अट बदलायची ते सांगावे, मग वाद पुढे सरकेल. मैदान, वेळ, वजन, तयारी आणि आपापल्या काळातले स्थान, या पाच गोष्टी आधी ठरवल्या तर भरताच्या पंगतीतली दोन्ही टोकेसुद्धा एकमेकांचे ऐकू लागतील.

एक काम मात्र आपल्या हातात आहे. बुद्धिबळात दोन खेळाडूंची तुलना सोपी जाते, कारण तिथे प्रत्येक डावाची नोंद असते आणि प्रत्येक निकालानंतर दोघांचे रेटिंग बदलते. दोनशे गुणांनी पुढे असलेला खेळाडू १०० पैकी सुमारे ७६ गुण घेईल, असे ते आधीच सांगते. आपल्या जत्रांत दर वर्षी कितीतरी कुस्त्या होतात. इनाम वाटले जाते, फेटे बांधले जातात आणि दुसऱ्या दिवशी नोंद काहीच उरत नाही. जत्रा समितीने एक वही घातली आणि मल्लाचे नाव, गाव, वजन, कुस्तीला लागलेली मिनिटे आणि निकाल ज्या डावावर झाला तो डाव एवढेच लिहिले, तरी पुरे. जळगाव-धुळ्यातल्या गावोगावी अशा वह्या झाल्या तर आज मी जे अंदाजाने मांडले, ते पुढच्या पिढीला हिशेबाने मांडता येईल. या वर्षीच्या जत्रेपासूनच ही वही घालावी.